प्रश्नांची फाइल

औषधाच्या दुकानात लोक औषधं घ्यायला येतात असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस काउंटरमागे उभं राहून बघावं. लोक प्रश्न विचारायला येतात. डॉक्टरांसमोर त्यांची वाचा बसते, बाहेर बसलेली बाई पुढच्या नंबराला हाक मारून मोकळी होते, आणि मग पोटात राहिलेले सगळे प्रश्न घेऊन ती माणसं आमच्या पायऱ्या चढतात. दोन हजार सालापासून पुढे बरीच वर्षं मी रत्नागिरीतल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होते. डिप्लोमावाली. प्रश्नांची उत्तरं देऊन देऊन माझा घसा बसायचा.

प्रश्न तरी कसले! चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिलंय, पण आज संकष्टी आहे, तर साबुदाण्याची खिचडी जेवणात धरायची का? अर्धी गोळी मोडताना एक तुकडा मोठा झाला, एक लहान, मग आज कुठला खायचा? पट्टीचा रंग मागच्या महिन्यात निळा होता, आता हिरवा आहे, औषध तेच ना? गावात दोन दिवस लाइट नाही आणि फ्रीजमध्ये इन्शुलिन आहे, काय करू? एक बाई तर चक्कर येते म्हणून गोळी मागायला आली होती. मुंबईच्या मुलाने पाठवलेली प्रेशरची गोळी आणि इथल्या डॉक्टरांनी दिलेली, दोन्हींची नावं वेगळी, आतलं औषध एकच. बाई दोन महिने इमानेइतबारे दोन्ही खात होती. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "मुलाने एवढ्या प्रेमाने पाठवल्यात, टाकू कशा?"

दुकानात बिलांसाठी कॉम्प्युटर आला तेव्हा मी ही उत्तरं त्यात लिहून ठेवायला लागले. मालकांना वाटायचं मी स्टॉक बघतेय. सुरुवातीला मी हौसेने मराठी फॉन्टात लिहिलं, चांगलं चार पानं, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चौकोन. फॉन्ट गेला की मराठी गेली, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी मराठीच लिहायचे, पण रोमन अक्षरांत. फाइलचं नाव 'प्रश्न'. आधी प्रश्न, खाली उत्तर, मग एक ओळ मोकळी. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते म्हणून मी तिच्या दोन कॉप्या ठेवायचे, एक दुकानात आणि एक घरी तांदळाच्या डब्यात.

जून-जुलै आला की औषधांचे प्रश्न मागे पडायचे आणि वेगळीच गर्दी सुरू व्हायची. मेडिकलला प्रवेश घ्यायला निघालेल्या पोरांचे आईबाप. डोमिसाइल तहसीलदाराकडून की प्रांताकडून? जातीचा दाखला पुरेल की पडताळणी लागेल? एक वर्ष गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र कुठल्या कागदावर? पसंतीक्रमात घाटावरची कॉलेजं आधी टाकायची की मुंबईची? फिटनेसच्या दाखल्यावर कुठल्या डॉक्टरांची सही चालते? हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी फाइलमध्ये त्याचाही एक भाग केला होता आणि तो सगळ्यात नेटका होता. एका पोरीच्या वडिलांनी एकदा कौतुकाने विचारलं, "तुम्हाला एवढं सगळं कसं काय माहिती?" मी म्हटलं, "सवय आहे." अॅडमिशन झाल्यावर ते पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला. गोड मानून घ्या म्हणतात ना, तसा.

मला हे माहीत होतं कारण यातला एकेक कागद मी स्वतः जमवला होता. अठ्ठ्याण्णव साली.

त्या वर्षी मी बारावी झाले. त्या वेळी सीईटी नव्हती, बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मला इतके मार्क पडले की निकालाच्या दिवशी माझा माझ्याच नंबरावर विश्वास बसेना. बाबा एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांनी ऑफिसभर पेढे वाटले. दाखल्यांसाठी मी एकटी फिरले, फॉर्म मी एकटीने भरला, आणि जुलै सरता सरता पत्र आलं. घाटावरच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात माझी निवड झाली होती. आठवड्याच्या आत मूळ कागद घेऊन हजर राहायचं होतं. आईने मला पोटाशी धरलं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाले, "उद्या गावी जाऊन कौल लावून येतो."

आमचं गाव देवरूखच्या पुढे, डोंगरात. गावदेवीचं देऊळ आहे. आमच्याकडे विहीर खणायची असो, लग्न ठरवायचं असो की कोणाला मुंबईला धाडायचं असो, देवीला विचारल्याशिवाय काही होत नाही. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात. बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला येत नव्हतं. मी त्याच घरात वाढले होते. माझ्या दहावीनंतर सायन्स की कॉमर्स यासाठीसुद्धा कौल लावला होता आणि सायन्सला उजवा आला होता. बाबा आम्हाला लहानपणापासून बजावायचे, "कौल एकदाच लावायचा. परत विचारलं म्हणजे देवीवर विश्वास नाही असं होतं."

म्हणून मी बिनधास्त होते. देवी माझ्या बाजूची आहे अशी माझी खात्री होती. बाबा गावी गेले त्या दिवशी मी ट्रंकेतली जुनी पुस्तकं काढून ट्रंक रिकामी केली, पुसून घेतली आणि उन्हात ठेवली. श्रावण नुकताच लागला होता, मध्येच उघडीप होती. आईने माझ्यासाठी दोन चादरींवर बिब्ब्याच्या शाईने नावं घातली.

संध्याकाळच्या एस.टी.ने बाबा परत आले. चपला काढल्या, पाय धुतले आणि पाटावर बसून म्हणाले, "डावा आला."

मी रडले नाही, भांडले नाही, एक प्रश्नही विचारला नाही. आज मला त्या पोरीचा फार राग येतो. एवढे दाखले जमवणारी, तहसीलदार कचेरीत शिपायाशी हुज्जत घालणारी पोरगी, 'डावा आला' म्हटल्यावर गप्प बसली. कारण कौलावर प्रश्न विचारायचा नसतो. आई चादरी कपाटात ठेवून आली. आठ दिवस मी ते देव्हाऱ्यातलं पत्र येता-जाता बघत राहिले. मुदत संपल्यावर बाबांनीच ते उचलून कुठेतरी ठेवलं. पुढच्या वर्षी सीईटी सुरू झाली, पण तोवर बाबांनी मला फार्मसीच्या डिप्लोमाला घातलं होतं. "औषधांचंच आहे ना," ते म्हणाले.

देवीला मात्र मी सोडलं नाही. शिमग्यात तिची पालखी गावात घरोघर येते. आमच्याही गावच्या घरी येते, त्यासाठी आम्ही सगळे दरवर्षी गावी जातो. पालखी अंगणात आली की बायका देवीची ओटी भरतात. अठ्ठ्याण्णवनंतर मी कधी भरली नाही. ढोल वाजायला लागले की मी माजघरात जाऊन बसायचे. आई चार वर्षं विनवत राहिली, मग तिने सोडून दिलं. काकू म्हणायच्या, "शिकलेल्या पोरी अशाच नास्तिक होतात." मी नास्तिक वगैरे काही नव्हते. नास्तिक माणूस देवावर रुसत नाही. माझं तिच्याशी उभं वैर होतं. तू मला का नको म्हणालीस, एवढंच मला विचारायचं होतं. दुकानात कॉम्प्युटरवर मी जेव्हा ती फाइल सुरू केली, तेव्हा पहिला प्रश्न मी हाच टाइप केला होता. 'देवी नको का म्हणाली?' खाली उत्तराची जागा रिकामी. पुढे फाइल वाढत गेली, शंभरावर प्रश्न झाले, पण ती उघडली की आधी तो पहिला प्रश्न दिसायचा आणि त्याच्याखालची रिकामी ओळ. मी तो काढलाही नाही.

अशी आठ वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले. त्यांना थायरॉइड निघालं. रोज सकाळी अनशापोटी एक बारकी गोळी, पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. आता बाबांना उठल्या उठल्या चहा लागतो. म्हणजे रोज सकाळी आमच्याकडे तोच एक संवाद. "चहाबरोबर घेतली तर चालेल ना?" मी नाही म्हणायचं. मग "एखाद दिवस?" नाही. मग "अर्धाच कप घेतो" म्हणून तिसऱ्यांदा. मला वाटायचं म्हातारपण आहे, विसरतात.

एका सकाळी दुकानात गावचे गुरव आले. पोरगा रत्नागिरीला असतो, त्याच्याकडे तपासणीला आले होते. मी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि साखरेची गोळी हातात घेऊन विचारलं, "बाय, ह्या गोळीचा काय ता नीट सांग. डाक्तरान सांगितलान, न्ह्यारी करून घे. पन देवीची पूजा व्हईस्तवर मी तोंडात पानी घेत नाय. दुपार व्हते. मंग घेव कवा?"

प्रश्न चांगला होता. मी त्यांना सांगितलं की ही गोळी उपाशीपोटी मुळीच घ्यायची नाही, साखर एकदम उतरते, माणूस गाभाऱ्यातच आडवा होईल. ज्या दिवशी पूजेला उशीर आहे त्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आजच्या आज परत जाऊन विचारा, मनाने ठरवू नका. ते मान डोलावत होते. मी पाकिटावर ताट आणि शेजारी गोळी असं चित्र काढून दिलं, वाचता न येणाऱ्यांना मी तसंच द्यायचे. मग मी म्हटलं, "काका, मी हेडक्लार्कांची मुलगी. वरच्या वाडीतली."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आगो बाय! तू व्हय! मंग ह्यो दवाखाना तुजाच काय? मी म्हनत व्हतो, पोरगी डाक्तरीन झाली आसंल."

"कुठली डॉक्टरीण," मी म्हटलं. "देवी नको म्हणाली ना. कौल तुम्हीच लावला होतात."

"देवी कशाला नको म्हनंल? उजवा पडला व्हता."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाला खोकल्याचं औषध हवं होतं, एकाला डायपर. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"उजवा पडला व्हता. तुजा बापूस बोल्ला, वाऱ्यान पडला, परत लाव. परत लावला, तवा पन उजवा. मंग बोल्ला, पाकळी नीट भिजली नव्हती, आजून येकदा लाव. मी सांगितलं त्यांना, येकच गोष्ट तीनदा इचारायची नसते, देवी कावते. ऐकलान नाय. तिसऱ्याला पडला डावा. तवा नारळ ठेवलान नि गेला." मग त्यांना काहीतरी लक्षात आलं असावं. आवाज खाली आणून म्हणाले, "तुला ठाव नव्हतं?"

मी म्हटलं, "काका, गोळी जेवणाबरोबर. विसरू नका." खोकल्याचं औषध दिलं, डायपर दिले. एकाही गिऱ्हाइकाला चुकीचं काही दिलं नाही, हे मला अजून आठवतं आणि अजून त्याचं वाईट वाटतं. काहीतरी हातातून पडायला हवं होतं, फुटायला हवं होतं.

आधी मला राग आला नाही. लाज वाटली. आठ शिमगे मी माजघरात तोंड फिरवून बसले, आणि अंगणात ती होती, जिने मला दोनदा हो म्हटलं होतं. राग दुपारी आला, डबा उघडल्यावर. बाबांना मला पाठवायचं नव्हतं, हे मी समजू शकत होते. पोरगी साडेपाच वर्षं लांब, घाटावर, हॉस्टेलवर, पुढे तिच्या तोडीचा नवरा कुठून आणायचा, ही भीती त्या वेळी कुठल्या बापाला नव्हती? पण ऑफिसभर पेढे वाटून झाले होते. स्वतःच्या तोंडाने नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही. म्हणून त्यांनी देवीकडून वदवून घेतलं. ती दोनदा ऐकेना, तर तिसऱ्यांदा ऐकायला लावलं. आणि माझ्या आठ वर्षांचा सगळा राग स्वतःवर न घेता तिच्या अंगावर जाऊ दिला. दरवर्षी मी माजघरात जाऊन बसायचे तेव्हा ते बघत असायचे. एकदाही काही बोलले नाहीत.

त्या दिवशी घरी मी हा विषय काढला नाही. मला शब्द सापडत नव्हते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सापडले.

आई गॅसपाशी उभी होती. बाबा खुर्चीत, हातात गोळी, समोर चहाचा कप. "काय गं, चहाबरोबर घेतली तर चालेल ना?"

"नाही."

"एखाद दिवस? एका दिवसाने काय होतंय?"

"नाही."

"अर्धाच कप आहे गं. आज घेतो, उद्यापासून पाण्याबरोबर. चालेल ना?"

"तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून उत्तर बदलणार नाही, बाबा," मी म्हटलं. "मी देवी नाही."

त्यांनी वर बघितलं. मी कशाबद्दल बोलतेय ते त्यांना लगेच कळलं. मला वाटलं होतं विचारतील, म्हणजे काय, कसली देवी. त्यांनी तसलं नाटक केलं नाही. म्हणाले, "कोण भेटलं?"

"गुरव."

आईने गॅस बंद केला. ती वळली नाही, पण तिची पाठ ताठ झाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं हे मला तेवढ्यावरून कळलं, आणि त्याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे.

"त्या दिवशी वारा होता," बाबा म्हणाले.

"गाभाऱ्याला खिडकी नाही, बाबा."

"तुला एवढ्या लांब, एकटीला..."

"मग नको म्हणायचं होतंत. तुम्ही. तोंडाने. मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण मला निदान कोणाशी भांडायचं ते कळलं असतं."

त्यांनी मान खाली घातली. मी वाट बघत होते. चुकलो, असं एकदा म्हणतील. आठ वर्षांनी एवढं एक तरी मिळेल. बाबांनी गोळी तोंडात टाकली, कप उचलला आणि माझ्यादेखत चहाच्या घोटाबरोबर गिळली. मग कप खाली ठेवून पेपर उघडला.

मी दुकानात गेले. कुलूप मीच काढलं, मालक यायचे होते. कॉम्प्युटर चालू केला, फाइल उघडली. सगळ्यात वर तो प्रश्न होता, देवी नको का म्हणाली, आणि खाली इतकी वर्षं रिकामी राहिलेली ओळ. मी तिथे टाइप केलं:

देवी हो म्हणाली होती. दोनदा.

फाइल सेव्ह केली. तोवर पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला होता, हातात पोराचा मेडिकलचा फॉर्म होता, आणि तो विचारत होता की पसंतीक्रमात लांबचं कॉलेज टाकावं का.